वाइन मुरते, म्हणजे नेमकं काय होतं? राहात्यातून विचारलेला इतिहासाचा एक प्रश्न

महागड्या लाल वाइनबद्दल लिहिताना एक वाक्य हमखास येतं: 'ही वाइन आणखी दहा वर्षं मुरू शकते.' वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल, पेट देऊन झाली असेल आणि विषय अजून ठरत नसेल, तर या वाक्यापाशी जरा थांबा. ते भविष्याबद्दल बोलतंय असं वाटतं, पण त्याचा सगळा आधार भूतकाळात आहे. दहा वर्षं मुरेल असं कोण म्हणू शकतं? ज्यानं आधी दहा वर्षं मुरलेली पाहिली आहे, तो. म्हणजे हा इतिहासाचा दावा झाला, आणि इतिहासाच्या दाव्याकडे पुरावा मागायचा असतो.

राहात्यासारख्या ठिकाणी बसून वाइनचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो घरातून. शेजारी शिर्डी, आजूबाजूला पेरूच्या बागा आणि ऊस, आणि पोरगं किंवा पोरगी दारूवर प्रबंध लिहिणार? याचं उत्तर आधीच तयार ठेवा. मद्याचा इतिहास लिहिणं म्हणजे मद्याची भलामण करणं नव्हे. कर, जमीन, पाणी, जात, धर्म, व्यापार हे सगळं त्या एका बाटलीत सापडतं, म्हणून तिच्याकडे बघायचं. आणि बघायचं तर नीट बघायचं. चांगल्या वस्तूचं चांगलेपण कशात आहे हे न कळता तिचा इतिहास लिहिला, तर तो अर्धवट राहतो.

शब्दापासून सुरुवात

संशोधनात मला उपयोगी पडलेली एक सवय सांगतो तशी सांगून ठेवावी म्हणतो: संकल्पना परकी असली तरी आपल्या भाषेत तिच्यासाठी कोणता शब्द आहे ते आधी बघा. लोणचं मुरतं. गुळांबा मुरतो. राजकारणात माणूस मुरतो. आणि हिशेबात गडबड दिसली की आपण म्हणतो, पाणी कुठंतरी मुरतंय. 'मुरणं' म्हणजे नुसतं जुनं होणं नव्हे. आत काहीतरी एकमेकांत जिरतं आणि वस्तूचा स्वभाव बदलतो. याउलट 'विटणं' आहे, 'आंबणं' आहे. काळ तोच, पण परिणाम वेगळा.

म्हणून पहिला भेद पक्का करा. 'टिकणं' म्हणजे खराब न होणं, आणि 'मुरणं' म्हणजे बदलून चांगलं होणं. जगात तयार होणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत प्यायची असते. ती ठेवली तर मुरत नाही, फक्त थकते. 'जुनी ती भारी' हा समज फार थोड्या वाइनना लागू पडतो. त्या थोड्यांत कोण बसतं आणि का, हा आपला प्रश्न.

बाटलीत काय घडतं

इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही इथं थोडं रसायन लागतं, त्याला इलाज नाही. राहात्याचा कच्चा पेरू खाल्लात तर तोंड आवळून येतं. तो तुरटपणा टॅनिनचा. लाल वाइनमध्ये टॅनिन येतं ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून, कारण लाल वाइन सालीसकट आंबवतात. नव्या, कसदार लाल वाइनमध्ये हा तुरटपणा अंगावर येतो. पुढे काही वर्षांत टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास मागे पडून सुकी फळं, चामडं, तंबाखू, ओली माती असे वास पुढे येतात. जाणकार ज्याला 'मुरलेली' म्हणतात ती हीच अवस्था.

पण यासाठी वाइन मुळात तशी बांधलेली असावी लागते. टॅनिन हवं, फळाचा अर्क हवा आणि मुख्य म्हणजे आंबटपणा हवा. दख्खनमधली अडचण नेमकी इथं आहे. आपल्याकडे द्राक्षवेल युरोपातल्यासारखी हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. घड पिकतात जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऊन वाढत असताना. उष्णतेत साखर झपाट्यानं चढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा उतरला की पीएच वाढतो. आणि वाइन जपण्यासाठी वापरतात ते सल्फर डायऑक्साइड वाढत्या पीएचला निष्प्रभ होत जातं. पीएच 0.3 नं वाढला, तर त्याचा खरा कामाचा अंश जवळपास निम्मा होतो.

मग साठवणूक. मुरवण्यासाठी साधारण 12 ते 14 अंश सेल्सिअस तापमान चांगलं मानतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. दर 10 अंशांना रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावून बघा. राहात्याच्या घरातल्या कपाटात ठेवलेली बाटली आणि थंड तळघरातली बाटली यांचं 'वय' वर्षांत सारखं असलं, तरी अंगानं सारखं नसतं. तेव्हा 'दहा वर्षं मुरेल' या दाव्यात एक अट न लिहिता दडलेली असते: कुठं?

उष्णता नेहमीच शत्रू असते असंही नाही. अठराव्या शतकात मदेरा बेटाची वाइन जहाजांतून भारतापर्यंत यायची. जहाजाच्या पोटातली उष्णता आणि महिनोन्‌महिन्यांचे हेलकावे सोसून ती उलट सुधारते, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. मग काही पिंपं मुद्दाम फेरी मारून परत नेली जात. पण ती वाइन जास्त अल्कोहोल घालून त्यासाठीच घट्ट केलेली असे. म्हणजे वाइन टिकते की नाही हे तिला ज्या वाटेनं जायचंय त्या वाटेवरही ठरतं.

नेवाशाचे तुकडे

आता दोन हजार वर्षं मागे जाऊ. कोल्हारवरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते. नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीचं गाव म्हणून माहीत आहे. तिथं 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळच्या थरांत जे सापडलं, त्यात भूमध्य सागराकडून आलेल्या मातीच्या कुंभांचे, म्हणजे अँफोरांचे म्हणून नोंदवलेले तुकडेही होते. अँफोरा हे तेव्हाचं मालवाहतुकीचं भांडं, आणि त्यातून येणाऱ्या मालात वाइन महत्त्वाची.

याला जोड देणारा लिखित पुरावा आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भरूच बंदरात येणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे, आणि इटलीच्या वाइनला जास्त पसंती, त्याखेरीज लाओदिकेया आणि अरबस्तानची, असा भेद केलेला आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर यांचाही उल्लेख येतो. म्हणजे 'अमुक प्रदेशाची वाइन भारी' ही कल्पना या भागाला कालपरवा कळलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला त्याच्या देशावरून नाव मिळतं असं सांगून कापिशायन आणि हारहूरक अशी दोन नावं दिली आहेत. आज आपण ज्याला भौगोलिक मानांकन म्हणतो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

रोमन लोक वाइन मुरवतही असत. इ.स.पू. 121 चा हंगाम, म्हणजे ओपिमियस कॉन्सल होता ते साल, पुढे पिढ्यान्‌पिढ्या नावाजलं गेलं. थोरल्या प्लिनीनं सुमारे दोनशे वर्षांनी त्याबद्दल लिहिलं, तेव्हा ती वाइन कडवट मधासारखी घट्ट झाली होती. म्हणजे नाव राहिलं आणि पेय वेगळंच झालं.

पण थांबा. इथंच धडा आहे. भारतात सापडलेले असे तुकडे पुढे रोबर्टा टोंबर यांनी पुन्हा तपासले. तेव्हा 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदवलेले काही तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो आकाराच्या कुंभांचे निघाले. तुकडे तेच, पेटीही तीच, पण समज बदलला. म्हणून जुन्या अहवालातलं वाक्य तसंच उचलून 'नेवाशाचे लोक इटालियन वाइन पीत' असं लिहू नका. भांडं आलं एवढं कळतं. त्यात काय होतं, ते कोण प्यायलं, की रिकामं भांडं पाण्यासाठी वापरलं, हे वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

एकाच नदीचं पाणी

आता विसाव्या शतकात या. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा आहे. तिथून निघालेला उजवा कालवा कोपरगाव-राहात्याकडे येतो. या पाण्याच्या वरच्या अंगाला, निफाड-दिंडोरी भागात, द्राक्षाचं राज्य उभं राहिलं. खालच्या अंगाला ऊस आला. राहाता तालुक्यातल्याच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो.

उसातून साखर येते, साखरेतून मळी उरते, आणि मळीपासून मद्यार्क. आपल्याकडचं बरंचसं देशी आणि विदेशी बनावटीचं मद्य या मळीवर उभं आहे. म्हणजे 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या राज्यात, राज्यघटनेच्या 47 व्या कलमात मद्यनिषेधाचं उद्दिष्ट लिहिलेलं असताना, साखरपट्ट्यात मद्याचा कच्चा माल तयार होत होता. तो मुरवत बसण्याची गरज नव्हती. पैसा लगेच फिरत होता.

द्राक्षाची वाइन उशिरा आली. 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज उद्योगानं फ्रान्सच्या तांत्रिक मदतीनं फेसाळ वाइन केली. 1999 मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला सुरू केलं. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, आणि डझनावारी वायनरी उभ्या राहिल्या. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. 2008 ची मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलं ओस पडली, मागणी कोसळली. इंडाज कर्जाखाली दबून बंद पडलं. ज्यांनी वाइनच्या जाती लावल्या होत्या त्यांची पंचाईत झाली, कारण त्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. ते बाजारात खायला खपत नाही. अनेकांनी बागा तोडून पुन्हा खाण्याच्या जाती लावल्या.

ही घटना मुरण्याच्या इतिहासात महत्त्वाची आहे. वाइन मुरण्याआधी वेल मुरावी लागते. वेलीची मुळं खोल जायला, तिचा स्वभाव कळायला वर्षं जातात. सातव्या-आठव्या वर्षी तोडलेल्या बागेबरोबर तेवढ्या वर्षांचं ज्ञानही जातं.

अकलूजची सेत्ते

या पार्श्वभूमीवर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडे बघा. हाही साखरेचाच मुलूख, शंकरराव मोहिते-पाटलांच्या सहकारी कारखान्याचा. तिथं मोहिते-पाटील घराण्यातले दोन भाऊ, दिल्लीचे दोन सेखरी भाऊ आणि इटलीचे दोन सेक्की भाऊ एकत्र आले आणि फ्रातेल्ली ही वायनरी उभी राहिली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. सातवे होते तस्कनीचे वाइनकार पिएरो मासी. त्या सातांवरून तिथल्या सर्वांत मानाच्या लाल वाइनला नाव पडलं सेत्ते, म्हणजे सात.

सुरुवातीच्या सालांत सेत्ते सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांची होती. ही जोडी मुरण्याच्या दृष्टीनं विचार करण्यासारखी आहे. सांजोवेझे हे तस्कनीचं द्राक्ष, आंबटपणा राखून असणारं. कॅबर्नेची साल जाड, टॅनिन भरपूर. जो आंबटपणा दख्खनचं ऊन खातं तो एकाकडून, जो कणा लागतो तो दुसऱ्याकडून. मग ओकच्या पिंपात विश्रांती. पिंपाच्या लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते, टॅनिन मऊ होतं, आणि लाकडाचंही थोडं टॅनिन वाइनमध्ये उतरतं.

म्हणजे सेत्तेची बांधणी मुरण्याच्या हिशेबानं केलेली आहे, असं म्हणायला आधार आहे. पण 'पंधरा-वीस वर्षं मुरते' म्हणायला? सेत्तेची सर्वांत जुनी बाटली 2009 च्या हंगामाची धरली, तरी तिचा सगळा इतिहास दोन दशकांच्या आतला. बोर्दोच्या जुन्या घरांकडे एकाच बागेच्या शंभर सालांच्या बाटल्या आणि नोंदी असतात. आपल्याकडे तुलनेचा तो पायाच अजून तयार होतोय. तेव्हा बांधणीवरून केलेलं अनुमान आणि वर्षानुवर्षं ओळीनं चाखून मिळालेला पुरावा यांत गल्लत करू नका. पहिलं आपल्याकडे आहे, दुसरं साठत चाललंय.

सालाबद्दलही एक बारकावा ध्यानात घ्या. आपल्याकडची 2015 ची वाइन म्हणजे त्या वर्षीच्या जानेवारी-मार्चमध्ये तोडलेली द्राक्षं. युरोपची 2015 म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची तोडणी. लेबलवर साल एकच, पण आपली बाटली सहा-आठ महिन्यांनी मोठी. तक्ता करताना ही चूक सहज होते.

थांबणं कुणाला परवडतं?

आता मूळ प्रश्नाकडे. मुरवणं म्हणजे पैसा अडकवून ठेवणं. पिंप महाग, थंड जागा महाग, वीज महाग, आणि वाइन बाटलीत पडून असताना कर्जाचं व्याज चालू. शिवाय मुरणारी वाइन हवी तर वेलीवर घड कमी ठेवावे लागतात, म्हणजे राहिलेल्यांत कस उतरतो. आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. माल वजनावर विकायचा असेल, तर तो आपणहून घड का कमी करील? उसाच्या टनाचा हिशेब अंगवळणी पडलेल्या मुलखात ही गोष्ट आणखी अवघड.

फ्रातेल्लीच्या वाइनला द्राक्षं येतात ती त्यांच्या स्वतःच्या बागांतून. यावरून मला एक गृहीतक मांडावंसं वाटतं: दख्खनमध्ये मुरणारी लाल वाइन तिथं आधी होते, जिथं जमीन, भांडवल आणि थांबण्याची ताकद एकाच हातात असते. साखरेनं ज्यांच्या हाती भांडवल आणि पत दिली, त्यांच्यापैकी काहींना हे थांबणं जमलं असेल का? हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ते खोटं ठरू शकतं. करारावर द्राक्षं देणाऱ्या शेतकऱ्यांनी कसाप्रमाणे भाव मिळवून घड कमी ठेवले आणि त्यातून मुरणारी वाइन झाली, असा पुरावा नाशिक भागात मिळाला, तर मला ते दुरुस्त करावं लागेल. चांगलं गृहीतक असंच असावं: कोणता पुरावा त्याला पाडेल, हे आधीच सांगता यावं.

दुसरी बाजूही याच जिल्ह्यात आहे. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांचं हित हे कारण दिलं गेलं. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि नंतर सरकारनं लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या. या वादात 'शेतकरी' हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरला गेला. कुठला शेतकरी? वाइनच्या जाती लावणारा, की खाण्याची द्राक्षं पिकवणारा, की व्यसनात घर बुडालेला? संशोधकानं हा शब्द सुटा करून बघायचा असतो.

तुम्हाला करता येईल असं काही

यासाठी वाइन चाखावी लागत नाही, की फ्रान्सलाही जावं लागत नाही. 1884 चं अहमदनगर गॅझेटिअर काढा आणि शेती व अबकारीची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. तलाठ्याकडच्या गाव नमुना 12 मध्ये पिकांची नोंद असते. एखाद्या गावाची वीस-तीस वर्षांची पीकपाहणी ओळीनं लावली, तर बाग कधी आली आणि कधी तुटली ते दिसतं. साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल बघा, त्यात मळी आणि आसवनीचे आकडे कुठल्या सालापासून यायला लागतात ते टिपा. मग बाग तोडलेल्या शेतकऱ्याशी बोला. त्याची लेखी संमती घ्या, नाव गुप्त ठेवायचं का ते विचारा, आणि 'नुकसान किती झालं' यानं सुरुवात करू नका. 'वेल लावली तेव्हा काय वाटलं होतं' असं विचारा. आकडा तो शेवटी स्वतःच सांगतो.

आणि सेत्तेसारख्या वाइनबद्दल कुणी लिहिलेलं वाचलंत, तर तीन गोष्टी वहीत नोंदवा: लिहिणाऱ्यानं कोणतं साल चाखलं, ते कधी चाखलं आणि बाटली तोवर कुठं ठेवलेली होती. दहापैकी किती लेखांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं ते मोजा. तुमच्या प्रस्तावातला 'संशोधनातली उणीव' हा परिच्छेद कदाचित तिथंच लिहून होईल.